२१४७४८३६४७ : एका मूळ संख्येचा गणिती परिचय

प्रस्तावना

एकाच संख्येवर स्वतंत्र लेख लिहिण्याचा प्रकार मराठी वाचकास अगदीच अपरिचित नाही. देवळालीचे गणिती द. रा. कापरेकर यांच्या ६१७४ या स्थिरांकाने अनेकांना गणिताची गोडी लावली आहे. प्रस्तुत लेखाचा विषय असलेली संख्या त्याहून पुष्कळ मोठी आहे : २१४७४८३६४७. आपल्या पद्धतीने वाचावयाची झाल्यास दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. २ चा ३१ वा घात घेऊन त्यातून १ वजा केला असता ही संख्या मिळते. ती मूळ संख्या आहे. म्हणजे १ आणि ती स्वतः यांखेरीज तिला अन्य विभाजक नाही.

संख्याशास्त्र शिकवणाऱ्या अध्यापकास वर्गात एक प्रश्न हटकून विचारला जातो : याचा उपयोग काय? या विशिष्ट संख्येपुरता तो प्रश्न इ. स. १८११ मध्ये एका जाणकार गणितज्ञाने उपस्थित केला होता आणि त्याचे उत्तरही त्याने देऊन टाकले होते. ते उत्तर कितपत टिकले, हे पाहण्याचा प्रयत्न येथे केला आहे. वाचकांपैकी अनेकजण गणितेतर विद्याशाखांतील असतील, हे गृहीत धरून शालेय अंकगणितापलीकडील कल्पना जागच्या जागी स्पष्ट केल्या आहेत.

मेर्सेन यांची यादी

दोनच्या एखाद्या घातातून १ वजा केल्यावर ३, ७, १५, ३१, ६३, १२७ अशा संख्या मिळतात. यांपैकी मूळ कोणत्या, हा प्रश्न यूक्लिडच्या काळापासून एका निराळ्या प्रश्नाशी निगडित आहे. ज्या संख्येच्या स्वतःखेरीज सर्व विभाजकांची बेरीज त्या संख्येइतकीच येते, तिला परिपूर्ण संख्या म्हणतात. उदा. ६ = १ + २ + ३ किंवा २८ = १ + २ + ४ + ७ + १४. यूक्लिडने आपल्या ग्रंथाच्या नवव्या भागात असे सिद्ध केले आहे की, वरील प्रकारची संख्या मूळ असेल तर तिला दोनच्या लगतच्या खालच्या घाताने गुणल्यास परिपूर्ण संख्या मिळते : २ × ३ = ६, ४ × ७ = २८, १६ × ३१ = ४९६, ६४ × १२७ = ८१२८.

घातांक विभाज्य असेल तर संख्याही विभाज्य असते. हे द्विमान पद्धतीत, म्हणजे केवळ ० आणि १ हे अंक वापरून लिहिल्यास, डोळ्यांनाच दिसते. दोनच्या १५ व्या घातातून १ वजा केल्यास द्विमान पद्धतीत पंधरा एक ओळीने येतात. त्यांचे तीन-तीनचे पाच गट पाडता येतात. तेव्हा १११ ने, म्हणजे ७ ने, ती संख्या निःशेष भागली जाणारच. दशमान पद्धतीत ९९९९९९ ला ९९९ ने भाग जातो, त्यातलाच हा प्रकार. परंतु याचा व्यत्यास खरा नाही. ११ हा घातांक मूळ असूनही २०४७ ही संख्या २३ × ८९ अशी फुटते. हीच या विषयातील खरी अडचण होय.

बोलोन्याचे गणिती पिएत्रो कातालदी यांनी १५८८ मध्ये १७ आणि १९ या घातांकांच्या संख्या (१३१०७१ व ५२४२८७) मूळ असल्याचे प्रत्यक्ष भागाकारांनी दाखविले. पुढे त्यांनी २३, २९, ३१ आणि ३७ हे घातांकही योग्य असल्याचे सांगितले. मात्र त्यास पुरावा नव्हता. फेर्मा यांनी १६४० मध्ये २३ व ३७ हे दोन, तर ऑयलर यांनी १७३८ मध्ये २९ हा घातांक खोडून काढला. चार दाव्यांपैकी केवळ ३१ चा दावा उरला. १६४४ मध्ये फ्रेंच धर्मगुरू मारँ मेर्सेन यांनी २५७ पर्यंतच्या घातांकांची जी प्रसिद्ध यादी दिली, तिच्यातही ३१ आहे. त्या यादीत ६७ आणि २५७ हे चुकून आले, तर ६१, ८९ व १०७ हे राहून गेले. तरीही या संख्यांना नाव मिळाले ते मेर्सेन यांचेच. नामकरणाच्या बाबतीत गणिताचा इतिहास फारसा न्यायनिष्ठुर नाही.

ऑयलर यांचे ३७२ भागाकार

३१ चा निकाल लेओनार्ड ऑयलर यांनी लावला. बेर्नुली यांना १७७२ च्या सुमारास लिहिलेल्या पत्रात त्यांनी ही संख्या मूळ असल्याचे कळविले. ऑयलर तेव्हा सेंट पीटर्सबर्ग येथे होते, पासष्टीच्या आसपास पोहोचले होते आणि त्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती.

एखादी संख्या मूळ आहे की नाही हे ठरविण्याची सर्वांत साधी रीत म्हणजे तिच्या वर्गमुळापर्यंतच्या मूळ संख्यांनी तिला भागून पाहणे. आपल्या संख्येचे वर्गमूळ ४६३४० आणि ४६३४१ यांच्या दरम्यान येते आणि तेथपर्यंत सुमारे चार हजार आठशे मूळ संख्या आहेत. म्हणजे तितके भागाकार. हाताने करावयाचे तर हे काम अशक्य नाही, पण कोणी सहसा अंगावर घेणार नाही. ऑयलर यांनी ते कसे आटोक्यात आणले, हे सविस्तर पाहण्यासारखे आहे. कारण येथे परिश्रमांचे काम विचाराने केले आहे.

समजा, भ ही मूळ संख्या आपल्या संख्येचा विभाजक आहे. याचा अर्थ, २ च्या ३१ व्या घातास भ ने भागल्यास बाकी १ उरते. आता २ चे घात क्रमाने घेऊन भ ने भागत गेल्यास बाक्या चक्राकार पुनरावृत्त होतात. हे चक्र किती लांबीचे आहे? ३१ व्या पायरीस १ येत असल्याने चक्राची लांबी ३१ ची विभाजक असली पाहिजे. पण ३१ मूळ आहे आणि लांबी १ असू शकत नाही. म्हणून ती नेमकी ३१ च. दुसरीकडे, फेर्मा यांच्या प्रमेयानुसार भ वजा १ या घातासही बाकी १ येते. म्हणून ३१ ने (भ − १) ला भाग गेलाच पाहिजे. शिवाय भ विषम आहे, त्यामुळे (भ − १) सम आहे. सबब भ ही ६२ च्या पटीत १ मिळवून येणारी संख्याच असू शकते.

येथवर फेर्मा यांनाही ठाऊक होते. ऑयलर यांनी आणखी एक अट जोडली. २ च्या ३१ व्या घाताची बाकी १, म्हणून ३२ व्या घाताची बाकी २. परंतु ३२ वा घात हा १६ व्या घाताचा वर्ग आहे. म्हणजे भ ने भागल्यास २ ही बाकी उरेल असा एक पूर्ण वर्ग अस्तित्वात आहे. असा वर्ग मिळण्यासाठी भ ला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च यावी लागते. दोन्ही अटी एकत्र केल्या म्हणजे भ ला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ हे दोनच पर्याय राहतात.

४६३४१ च्या खाली अशा स्वरूपाच्या, उघडपणे विभाज्य असलेली ६३ वगळता, ३७२ संख्या आहेत आणि त्यांपैकी मूळ केवळ ८४. पहिली मूळ संख्या ३११. तिने भागल्यास भागाकार ६९०५०९२ आणि बाकी ३५ येते. दुसरी १३०३. अशा रीतीने एकेक संख्या घेत शेवटपर्यंत जावयाचे. एकही भाग जात नाही. संख्या मूळ ठरते. चार हजार आठशेऐवजी चौऱ्याऐंशी भागाकार, म्हणजे काही दिवसांचे काम. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत याहून मोठी मूळ संख्या कोणास ज्ञात नव्हती.

आज हीच परीक्षा आणखी सोपी झाली आहे. एद्वार ल्यूका यांनी १८७८ मध्ये मांडलेल्या कल्पनेस अमेरिकन गणिती डी. एच. लेहमर यांनी १९३० च्या दशकात सुटसुटीत रूप दिले. ४ पासून आरंभ करावा. प्रत्येक वेळी वर्ग करून २ वजा करावेत आणि तपासावयाच्या संख्येने भागून बाकी घ्यावी. घातांकाहून दोन कमी इतक्या पायऱ्यांनंतर बाकी ० आली तर संख्या मूळ, अन्यथा विभाज्य. ३१ या छोट्या संख्येवर (घातांक ५) हे करून पाहता येते : ४, नंतर १४, नंतर १९४ म्हणजे बाकी ८, नंतर ६२ म्हणजे बाकी ०. तीन पायऱ्यांत निकाल. आपल्या संख्येस एकोणतीस पायऱ्या पुरतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली, ४ कोटी १० लाखांहून अधिक अंकांची मेर्सेन मूळ संख्या (घातांक १३६२७९८४१) हीही याच कसोटीने निश्चित करण्यात आली.

आणखी एक वैशिष्ट्य नोंदविले पाहिजे. आपल्या संख्येचा घातांक ३१ हा स्वतःच मेर्सेन मूळ संख्या आहे. अशा ‘दुहेरी’ मेर्सेन मूळ संख्या चारच ज्ञात आहेत : ७, १२७, २१४७४८३६४७ आणि घातांक १२७ ची संख्या. मग २१४७४८३६४७ हाच घातांक घेतल्यास? ती संख्या सुमारे ६४ कोटी ६५ लाख अंकांची होते. ती मूळ नाही. २९५२५७५२६६२६०३१ या संख्येने तिला भाग जातो. या विभाजकातून १ वजा केल्यास तो आपल्या संख्येच्या दुपटीच्या नेमका ६८७४५ पट भरतो. वर फेर्मा यांची जी अट सांगितली तिचाच हा पडताळा होय.

बार्लो यांचा अभिप्राय

पीटर बार्लो हे वुलिच येथील लष्करी अकादमीत गणिताचे अध्यापक होते. वर्ग, घन, वर्गमुळे इत्यादींची त्यांनी १८१४ मध्ये प्रसिद्ध केलेली कोष्टके गणकयंत्रे येईपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती. असा हा व्यवहारदृष्टीचा मनुष्य. १८११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संख्याशास्त्रावरील आपल्या ग्रंथात त्यांनी आपल्या संख्येपासून मिळणाऱ्या परिपूर्ण संख्येचा उल्लेख केला आहे. ती आठवी परिपूर्ण संख्या असून तिचे मूल्य २३०५८४३००८१३९९५२१२८ आहे. याहून मोठी परिपूर्ण संख्या कधीही शोधली जाणार नाही, असे त्यांनी लिहिले. त्यांच्या मते, अशा संख्या केवळ कुतूहलाच्या असून उपयोगाच्या नसल्याने त्यापुढे जाण्याचा यत्न कोणी करील हे संभवत नाही.

भाकिताचा पहिला भाग ल्यूका यांनी १८७६ मध्ये घातांक १२७ ची संख्या मूळ असल्याचे दाखवून निकालात काढला. १८८३ मध्ये इव्हान पेर्वुशिन या रशियन धर्मगुरूने, मेर्सेन यांच्या यादीतून निसटलेला ६१ हा घातांक सिद्ध केला. उपयोगाची वाट पाहत कोणी थांबले नाही.

अभिप्रायाचा दुसरा भाग, म्हणजे निरुपयोगीपणाचा, अधिक विचारणीय आहे. बार्लो यांना सरसकट चूक ठरविणे योग्य होणार नाही. परिपूर्ण संख्या म्हणून तिचा व्यवहारात उपयोग झाला, असे आजही म्हणता येणार नाही. उपयोगात आला तो तिचा एक अवयव, म्हणजे २१४७४८३६४७ ही मूळ संख्या. आणि तोही बार्लो यांच्या कल्पनेत येऊ न शकणाऱ्या यंत्रामुळे.

संगणकातील सीमा

१९६४ मध्ये जाहीर झालेल्या आयबीएमच्या सिस्टिम/३६० या संगणकमालिकेने ३२ द्विमान अंकांचा शब्द रूढ केला. पूर्णांक साठविताना त्यातील एक अंक धन-ऋण चिन्हाकडे जातो आणि ३१ उरतात. ते सर्व १ झाले म्हणजे सर्वांत मोठी संख्या होते : तीच, २१४७४८३६४७. तिच्यात आणखी १ मिळविला तर अनेक यंत्रांत उत्तर −२१४७४८३६४८ येते. भरलेला मीटर पुन्हा आरंभाला जावा, तसे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ही संख्या संगणकाची सीमा झाली, याचा तिच्या मूळत्वाशी काहीही संबंध नाही. १६ अंकी शब्दाची सीमा ३२७६७ ही ७ × ३१ × १५१ अशी फुटते. ६४ अंकी शब्दाची सीमा ९२२३३७२०३६८५४७७५८०७ हिलाही ७ ने भाग जातो. कारण ६३ एकांचे तीन-तीनचे गट पाडता येतात. ३२ अंकी शब्दाच्या वाट्याला मूळ संख्या आली, हा ३१ मूळ असल्याचा योगायोग.

सीमा म्हणून मात्र तिचा प्रत्यय अनपेक्षित ठिकाणी येतो. रकमा पैशांत नोंदविणाऱ्या एखाद्या प्रणालीत ३२ अंकी पूर्णांक वापरला, तर तिची झेप २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये ४७ पैशांपलीकडे जाणार नाही; मध्यम आकाराच्या महाविद्यालयाचे वार्षिक वेतनपत्रकही त्यात मावणे कठीण. डिसेंबर २०१४ मध्ये यूट्यूबवरील ‘गंगनम स्टाइल’ या कोरियन गीताची दर्शकसंख्या या आकड्यापलीकडे गेली, तेव्हा गणकाची मर्यादा ६४ अंकी केल्याचे यूट्यूबने जाहीर केले. २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने बोइंग ७८७ विमानांविषयी आदेश काढला : विद्युतप्रवाह सलग २४८ दिवस चालू राहिल्यास जनित्रांच्या नियंत्रक संचातील गणक ओसंडून जनित्रे बंद पडू शकतात. सेकंदाच्या शंभराव्या भागांनी २१४७४८३६४७ पर्यंत मोजत गेल्यास २४८ दिवस व सुमारे १३ तास होतात. ऑयलर यांच्या युक्तिवादातही २४८ हाच आकडा होता, हा निव्वळ योगायोग. परंतु लक्षात राहील असा.

याहून व्यापक प्रश्न काळाचा आहे. युनिक्स व तत्सम प्रणाली १ जानेवारी १९७० च्या आरंभापासूनचे सेकंद मोजतात. ज्या ठिकाणी ही मोजणी ३२ अंकी राहिलेली असेल, तेथे ती १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय प्रमाणवेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी संपेल आणि पुढच्या सेकंदास घड्याळ डिसेंबर १९०१ मध्ये जाईल. नव्या प्रणालींत ६४ अंकी मोजणी आली आहे. चिंता आहे ती कारखान्यांतील व उपकरणांतील, कोणी सहसा उघडून न पाहणाऱ्या, जुन्या नियंत्रकांची.

मूळत्वाचा उपयोग

संख्येचे मूळत्व आणि तिचे द्विमान रूप ही दोन्ही एकाच वेळी उपयोगी पडतात, असे एक क्षेत्र आहे : यादृच्छिक संख्यांची निर्मिती. नमुना-पाहणी, भौतिकशास्त्रातील प्रतिरूपण, संख्याशास्त्रीय प्रयोग यांना फाशांच्या दानाप्रमाणे बेभरवशी भासणाऱ्या संख्या विपुल प्रमाणात लागतात. त्यासाठी लेहमर यांनी (वर उल्लेखिलेल्या कसोटीचे जनक तेच) १९४९ मध्ये एक रीत सुचविली. एखादी संख्या घ्यावी, तिला ठरावीक गुणकाने गुणावे आणि ठरावीक भाजकाने भागून उरलेली बाकी ही पुढील संख्या मानावी. पुन्हा तेच करावे.

भाजक विभाज्य असल्यास चक्र लवकर आटोपण्याचा धोका असतो. तो मूळ असेल आणि गुणक योग्य निवडला तर भाजकाहून लहान असलेली प्रत्येक धन संख्या एकदा येऊन गेल्याशिवाय चक्र पूर्ण होत नाही. १९६९ मध्ये लुइस, गुडमन व मिलर यांनी सिस्टिम/३६० साठी भाजक २१४७४८३६४७ आणि गुणक १६८०७ ही जोडी निवडली. १६८०७ हा ७ चा पाचवा घात. ७ च्या घातांच्या बाक्यांचे चक्र पूर्ण लांबीचे, म्हणजे २१४७४८३६४६ पायऱ्यांचे आहे. या लांबीचे अवयव २ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१ असे आहेत. त्यांत ५ नाही, म्हणून पाचवा घात घेतल्याने चक्र लहान होत नाही.

आता द्विमान रूपाचा लाभ. ९ ने भागल्यावर येणारी बाकी अंकांच्या बेरजेवरून काढता येते, हे आपण शाळेत शिकलो. ९९९ साठी तीन-तीन अंकांचे गट करून बेरीज करावी लागते. द्विमान पद्धतीत आपली संख्या एकतीस एकांची असल्याने तिच्याबाबतही नेमके हेच घडते : एकतीस-एकतीस अंकांचे गट पाडून बेरीज केली की बाकी मिळते. यंत्रास वेळखाऊ भागाकार करावा लागत नाही. उदा. १ पासून आरंभ केल्यास १६८०७ आणि नंतर २८२४७५२४९ येतात. त्यापुढील गुणाकार ४७४७५६१५०९९४३. त्याचे दोन गट, वरचा २२१० आणि खालचा १६२२६४७८६३. बेरीज १६२२६५००७३, हीच पुढची संख्या.

१९८८ मध्ये पार्क व मिलर यांनी याच जोडीस किमान प्रमाण म्हणून पुरस्कृत केले आणि सी++ या संगणकीय भाषेच्या २०११ च्या प्रमाणकातही ती समाविष्ट आहे. आज गंभीर संशोधनासाठी याहून दीर्घ चक्राच्या रीती वापरतात. गुप्तलेखनासाठी तर ही रीत सर्वथा अयोग्य आहे. कारण एक संख्या कळली की पुढच्या सर्व कळतात. अध्यापनासाठी मात्र ती फार सोयीची. विद्यार्थ्यांनी लिहिलेली आज्ञावली बरोबर आहे की नाही, हे तपासण्याची खूणही उपलब्ध आहे : १ पासून निघाल्यास दहा हजाराव्या पायरीवर १०४३६१८०६५ हीच संख्या आली पाहिजे.